पट्टी कोणाची?

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन गेले आणि पुढचे दोन दिवस माझ्या फोनवर एकच वाक्य फिरत होतं : संगीताला सीमा नसतात. टाकणाऱ्यांनी चांगल्या मनाने टाकलं होतं, त्यामुळे कोणाशी वाद घातला नाही. पण ते वाक्य खरं नाही. संगीताला सीमा असतात, त्या कानाला स्पष्ट कळतात, आणि झाकीरभाईंनी पन्नास वर्षं जे केलं त्याला किंमत आहे ती त्या सीमा होत्या म्हणूनच. कुंपणच नसेल तर उडी कसली मारायची?

‘फ्यूजन’ या शब्दाचं आपल्याकडे जे झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. खाली ड्रम लूप, वर सतारीचा चार सेकंदांचा तुकडा, मधे कोणीतरी ‘आ’ लावलेला. दोन देशांची वाद्यं एका खोलीत आली की झालं. जॅझमध्ये हा उद्योग ऐंशी वर्षं चालू आहे आणि त्यातलं बरंचसं याच दर्जाचं आहे. पण जे उरतं ते विलक्षण आहे, आणि ते ओळखण्यासाठी मी वाद्यांकडे बघणं सोडून दिलंय. मी एकच विचारतो. पट्टी कोणाची?

गाणं शिकलेल्याला पट्टी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काळी एक, पांढरी चार, काळी पाच. तुमचा सा जिथे आहे ती तुमची पट्टी. तंबोरा तिथे लागतो आणि मैफल संपेपर्यंत तिथेच राहतो. राग बदलतील, ताल बदलतील, तबलजी पाणी प्यायला थांबेल, सा हलणार नाही. आमच्या धंद्यात याला कॉन्स्टंट म्हणतात. एकदा किंमत दिली की कोणी हात लावायचा नाही, बाकी सगळा प्रोग्राम त्याच्या भरवशावर लिहिलेला असतो.

जॅझमध्ये सा हा व्हेरिएबल आहे. गाण्याचं एक मूळ घर असतं हे खरं, पण कॉर्ड बदलत जातात तसं ते घर सरकतं, परत येतं, पुन्हा सरकतं. वाजवणाऱ्याचं कसब या सरकत्या जमिनीवर तोल न जाता पळण्यात आहे. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जॉन कोल्ट्रेनचं ‘जायंट स्टेप्स’, १९५९ चं रेकॉर्डिंग. सोळा बारांच्या चालीत (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक कप्पा) तीन वेगवेगळी घरं आहेत, एकमेकांपासून शक्य तितकी समान दूर, आणि एका घरात बसायला जेमतेम दीड-दोन सेकंद. त्या रेकॉर्डिंगमध्ये टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक आपल्या पाळीत अडखळतो. तेही तसंच छापलं गेलं आहे, ऐकून बघा.

आता या दोन गोष्टी एकत्र करायच्या म्हणजे नेमकं काय अडतं ते मालकंसावर बघू. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. रे आणि प वर्ज्य. समजा, एखाद्या गिटारवाल्याला याखाली कॉर्ड धरायची आहे. सा ला घर मानून साधी मायनर कॉर्ड लावायची तर सा-ग-प हवेत. प तर रागात नाहीच. लावला तर राग तिथेच बाटला. मग हात आपोआप म-ध-सा कडे जातो, कारण ती कॉर्ड या पाच सुरांत चपखल बसते. आणि एकदा म ला घर मानलं की गंमत बघा : हेच पाच सूर म पासून मोजले तर ती मायनर पेंटॅटॉनिक होते, म्हणजे ब्लूज वाजवू पाहणारा प्रत्येक पोरगा पहिल्या महिन्यात शिकतो ती स्केल. आपल्या भाषेत धानी. एकही सूर बदललेला नाही. फक्त घर हललं, आणि मालकंस गेला.

हे आपल्या लोकांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही. मूर्च्छना म्हणजे हाच खेळ. याच पाच सुरांत कोमल ग ला सा मानलं की दुर्गा, कोमल ध ला मानलं की भूप. कर्नाटक संगीतात ग्रहभेदम म्हणून हे मैफलीत करूनही दाखवतात : क्षणभर सा दुसरीकडे नेल्याचा भास, आणि सभागृहाला कळलं की लगेच परत. पण तो भास असतो. तंबोरा जागचा हललेला नसतो, म्हणून तर टाळ्या पडतात.

तर सीमा इथे आहे. सतार आणि सॅक्सोफोनच्या मधे नाही. कोणीतरी काहीतरी सोडल्याशिवाय ती ओलांडता येत नाही, आणि कोणी काय सोडलं हे ऐकणं हाच माझ्या लेखी या प्रकाराच्या समीक्षेचा बहुतेक भाग.

हा तंटा भारतीय संगीतापुरताच नाही. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पीने आपल्या मोठ्या बँडमध्ये हवानाहून आलेल्या चानो पोझोला घेतलं. पोझो काँगा वाजवायचा, त्याला नोटेशन येत नव्हतं, इंग्रजी जवळपास नव्हतंच. त्याने ‘मान्तेका’ची चाल एकेका वाद्याला तोंडाने गाऊन सांगितली : बासला हे, ट्रॉम्बोनला हे, त्यावर ट्रम्पेटना हे. थरावर थर, आणि सगळे एकाच जागी फिरणारे. क्यूबन कानाला त्यात काहीच कमी नव्हतं. गिलेस्पीला मात्र वाटलं की असं एका जागी किती वेळ राहणार, आणि त्याने मधे जॅझला साजेसा, कॉर्ड सरकवत नेणारा सोळा बारांचा भाग लिहून जोडला. रेकॉर्डमध्ये तो सांधा आजही दिसतो. पहिला भाग जमिनीत पाय रोवून उभा, मग अचानक गालिचा सरकतो आणि आपण न्यूयॉर्कमध्ये. मला तो सांधा आवडतो. दोन माणसांचं पटलं नाही आणि त्यांनी ते लपवलं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरात हार्लेममधल्या एका बारमध्ये पोझोला कोणीतरी गोळी घातली, नाहीतर ही भांडाभांडी किती पुढे गेली असती कोण जाणे.

त्याच सुमारास मुंबईत हाच प्रश्न रोजंदारीवर सोडवला जात होता. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन आणि व्हायोलिन शिकलेली माणसं संध्याकाळी हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव आन्तोनियो शाव्हिएर वाझ, सी. रामचंद्रांकडे साहाय्यक होता. पुणतांब्याचे आपले रामचंद्र नरहर चितळकर आणि गोव्याचा हा आर्मस्ट्राँगभक्त, या जोडीचं काय जमलं ते १९५१ च्या ‘अलबेला’त ऐकता येतं. भगवानदादांच्या कमरेच्या नादात आपण त्यातल्या ब्रासकडे दुर्लक्ष करतो.

तिथला तोडगा साधा होता आणि फार हुशार होता. गाणारा गातोय तोपर्यंत सा त्याचा. खाली कॉर्ड असतील, पण अंग चोरून. गाणारा थांबला आणि मधलं म्युझिक सुरू झालं की वाद्यांना मोकळं रान, हवं तिथे फिरा, अंतरा यायच्या आत घरी हजर व्हा. जागेची वाटणी केली की भांडणाचा प्रश्नच येत नाही. आपले कान या तोडग्यावर इतके पोसलेत की त्यात काही तोडगा आहे हेच जाणवत नाही. मात्र याची किंमत त्या वादकांनी मोजली : ज्या बारा सेकंदांत त्यांचा जॅझ होता तिथे पडद्यावर बहुधा नायिका झाडामागे जात असायची, आणि नामावलीत त्यांचं नाव क्वचितच. अँथनी गोन्साल्विस यांना यापेक्षा मोठं काही हवं होतं. १९५८ मध्ये त्यांनी रागांवर आधारलेल्या रचना वाजवणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. त्यांचं नाव आज ठाऊक आहे ते त्यामुळे नाही, तर त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून गुरूला दिलेल्या सलामीमुळे.

परदेशी जॅझवाल्यांचा मोर्चा इकडे वळला तो पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेक अमेरिकन सरकारच्या खर्चाने तुर्कस्तान, भारत असा फिरून गेला. मुंबईत तो सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवला. पण त्याच्या हाती खरं लागलं ते इस्तंबूलच्या रस्त्यावर : नऊ मात्रा, पण तीन-तीन-तीन अशा नाही, दोन-दोन-दोन-तीन. त्यावर केलेलं ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ अजूनही पहिल्या वीस सेकंदांत मान हलवायला लावतं. पण सोलो सुरू होतो तेव्हा काय होतं ते ऐका. नऊ मात्रा गायब. साधा चार मात्रांचा ब्लूज. परदेशात गेले, फोटो काढले, घरी येऊन वरणभात खाल्ला. मला या प्रकाराचा राग नाही, चाल देखणीच आहे. फक्त याला मिश्रण म्हणायचं का हा प्रश्न आहे.

कोल्ट्रेनने जे केलं ते याच्या बरोबर उलट. दोन वर्षं आधी माइल्स डेव्हिसच्या ‘सो व्हॉट’मध्ये तो वाजवला होता, जिथे सोळा बार एकाच मोडवर थांबतात (सूर आपल्या काफी थाटाचे), आठ बारांपुरता सा अर्ध्या सुराने वर जातो आणि परत खाली येतो. म्हणजे दार उघडलेलं होतंच. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्याने ‘इंडिया’ वाजवलं, ‘इम्प्रेशन्स’ या अल्बमवर आहे, चौदा मिनिटांच्या आसपास. दोन डबल बास मिळून तंबोऱ्याचं काम करतात. कॉर्ड सरकत नाहीत. सा जिथे आहे तिथे आहे.

यात सतार नाही, तबला नाही. राग म्हणावा असाही काही नाही : ठरलेला आरोह-अवरोह नाही, न्यासाची जागा नाही, पकड नाही. एल्विन जोन्सचे ड्रम्स कुठल्याही तालाला बांधलेले नाहीत. मुखडा थोडक्यात उरकतो आणि मग कोल्ट्रेनचा सोप्रानो त्या स्थिर सा वर अक्षरशः डोकं आपटतो. रागाबाहेरचे, स्केलबाहेरचे, सॅक्सोफोनच्या आवाक्याबाहेरचे सूर. आणि सा हलत नसल्यामुळेच ते बाहेरचे आहेत हे कळतं. सरकत्या घरात बाहेर असं काही नसतंच, पुढच्या सेकंदाला तेच आत होतं. एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट घेऊन येतो तेव्हा तर एखादं जनावर बोलतंय असं वाटतं.

कोल्ट्रेनने भारताकडून एकच गोष्ट घेतली, थांबणं. आणि त्याबदल्यात टाकलं काय? दोन वर्षांपूर्वी सबंध जगात फक्त त्यालाच येत होती ती गोष्ट, तीन घरांमधली ती पळापळ. हा सौदा मला प्रामाणिक वाटतो. रविशंकरांकडे तो नंतर शिकायला बसला, मुलाचं नाव रवी ठेवलं, आणखी शिकायचं ठरलेलं असताना १९६७ मध्ये चाळिशीत गेला. रविशंकरांनी मात्र सांगून ठेवलंय की त्याच्या वादनातली तगमग त्यांना अस्वस्थ करायची, आध्यात्मिक ओढ असलेल्या माणसाच्या संगीतात इतकी खळबळ का, हे त्यांना उमगेना. मला इथे दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. रविशंकरांचा सा शांत होण्यासाठी आहे. कोल्ट्रेनला तो आपटायला भिंत म्हणून हवा होता.

लंडनमध्ये १९६६ च्या सुमाराला जमैकाहून आलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरिएट आणि कलकत्त्याचे संगीतकार जॉन मेयर यांनी वेगळा प्रयोग केला. पाच जॅझवाले, पाच भारतीय ढंगाचे, आणि मेयर यांनी कागदावर लिहिलेल्या रागाधारित रचना. ‘इंडो-जॅझ सूट’ मी तीन-चारदा नीट ऐकलाय. हॅरिएट सुंदर वाजवतो. बाकी सगळं दोन कॉलमांच्या तक्त्यासारखं आहे, आधी तुम्ही मग आम्ही. ज्या दोन माणसांना त्या शहरात सारखं ‘तुम्ही मूळचे कुठले?’ विचारलं जात असणार त्यांनी मिळून एवढं नीटनेटकं काही करावं याचं मला वाईटच वाटतं.

मग शक्ती. जॉन मॅकलॉफ्लिन तेव्हा महाविष्णू ऑर्केस्ट्राचा, म्हणजे जगातल्या कर्णकर्कश बँडांपैकी एकाचा म्होरक्या. ते सोडून तो अकूस्टिक गिटार घेऊन चौरंगावर मांडी घालून बसला. बरोबर व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम, पहिल्या रेकॉर्डला मृदंगमवर आर. राघवन, आणि माहीमचा चोवीस वर्षांचा झाकीर. ५ जुलै १९७५ ला लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेली मैफल हाच त्यांचा पहिला अल्बम. त्यातलं ‘जॉय’ अठरा मिनिटांचं आहे आणि पहिल्या मिनिटापासून पायाखालची फरशी तापलेली.

पट्टीचा निकाल इथे सरळ लागलाय. सा भारतीय. पियानो नाही, बास नाही, ड्रमसेट नाही, कॉर्डची साखळी जवळजवळ नाही. मॅकलॉफ्लिनने वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकून घेतली होती, आणि त्याच्यासाठी खास गिटार बनवली गेली : पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, म्हणजे तार दाबून ओढता येते, मींड निघते. शिवाय तिरप्या बसवलेल्या सात तरफेच्या तारा. वाद्याच्या पोटात हात घालून त्याची जात बदलली म्हणा ना.

एक गोष्ट नेहमी सुटते. शक्तीत फक्त पूर्व-पश्चिम भेटत नाहीत. झाकीर हिंदुस्तानी, बाकीचे कर्नाटकी, आणि १९७५ मध्ये आपल्याच देशात या दोन पद्धतींचे लोक एका मंचावर सहज बसत होते असं नाही. तबला आणि घटम यांचा हिशेब जुळवणं हे गिटार जुळवण्याइतकंच नवं काम होतं.

आणि इथे एक तांत्रिक कारण आहे, ज्यामुळे फ्यूजनचे बहुतेक कार्यक्रम द्रुत लयीत धावतात. तालाच्या बाजूने सीमा ठेंगणी आहे. जॅझमध्ये बारा किंवा बत्तीस बारांचं आवर्तन असतं, ते फिरून पहिल्यावर येतं, आणि मधे कितीही भरकटा, तिथे हजर राहावं लागतं. म्हणजे समच की. तिहाई कोणत्याही ड्रमरला एकदा समजावली की कळते. सुराच्या बाजूची भिंत मात्र उंच आहे. त्यामुळे सगळे ठेंगण्या बाजूने उड्या मारतात : वेग, सवालजवाब, तिहाई, टाळ्या. शक्तीही याला अपवाद नाही. गिटार आणि व्हायोलिन तुफान वेगात एकच ओळ एकत्र वाजवतात तेव्हा थक्क व्हायला होतं, पण चौथ्यांदा मी घड्याळाकडे बघतो. जॅझने इथे कॉर्ड सोडल्या, आपण विलंबित सोडलं. आलापाला लागणारी ऐसपैस फुरसत त्या मंचावर फारशी दिसत नाही.

म्हणून मला त्या अल्बममधलं पाचेक मिनिटांचं ‘लोटस फीट’ सगळ्यात जवळचं. चाल साधी, जवळजवळ भजनासारखी. कोणी कोणाला हरवत नाही. मॅकलॉफ्लिन एक सूर ओढतो आणि तो पूर्ण पोचेपर्यंत थांबतो. ही उंच भिंतीवरची चढाई आहे, म्हणून हळू.

२०२३ चा ‘धिस मोमेंट’ या बँडचा शेवटचा स्टुडिओ अल्बम ठरला. गायला शंकर महादेवन (आमच्या धंद्यातून वेळेत सुटलेले), घटम-कंजिऱ्यावर विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वगणेश, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं आणि आपण सगळ्यांनी ते फॉरवर्ड केलं. अल्बम मात्र गुळगुळीत आहे. गिटार सिंथच्या मऊ कॉर्ड खाली पसरलेल्या असतात, दुलईसारख्या. कुठे काही टोचत नाही. १९७५ मध्ये ज्या कॉर्ड त्यांनी हिमतीने बाहेर ठेवल्या होत्या त्या मागच्या दाराने आत आल्या, आणि आल्या त्या भांडायला नाही, शोभेला. झाकीरभाईंचा डावा हात तेवढा ऐका. तो शेवटपर्यंत बोलतोय.

दुलई नको असेल तर २००८ चा ‘किन्समेन’ घ्या. रुद्रेश महंतप्पा, आईवडील कर्नाटकातले, स्वतः अमेरिकेत कोलोरॅडोत वाढलेला जॅझ सॅक्सोफोनवादक. भारतीय दिसतो म्हणून याला रागदारी येत असणार, असं लोकांनी गृहीत धरलेला माणूस. भावाने त्याला एकदा थट्टेने एक सीडी दिली : कद्री गोपालनाथ, कर्नाटक संगीत, आल्टो सॅक्सोफोनवर. थट्टा अंगलट आली, कारण सीडी जबरदस्त होती. पुढे त्याने गोपालनाथनाच बरोबर घेतलं. व्हायोलिनवर ए. कन्याकुमारी, मृदंगमवर पूवलूर श्रीजी, आणि दुसऱ्या बाजूला गिटार, बास, ड्रमसेट. मोठ्या रचनांच्या मधे मधे वादकांचे छोटे आलाप ठेवलेत, म्हणजे शक्तीत जी फुरसत नव्हती तिला इथे रीतसर जागा आहे.

यात वाद्यांवरून देश ओळखायची सोयच नाही. दोन्ही आल्टो सॅक्सोफोन, त्याच पितळेचे. पहिल्यांदा ऐकताना अल्बमची माहिती बघू नका, हेडफोन लावा आणि कोण वाजवतंय ते सांगा. गोपालनाथांचा एकही सूर जागेवर गप्प बसत नाही, तो गमकात हलतो, पण त्याच्या खालचा सा खडकासारखा. महंतप्पाचा सूर सरळ, धारदार, जागेवर ठोकलेला, आणि हा हा म्हणता तो सा सोडून रस्त्यापलीकडे गेलेला असतो. एकाचा सूर हलतो आणि घर थांबतं, दुसऱ्याचा सूर थांबतो आणि घर हलतं. दोघं एकदम वाजवायला लागले की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला माझा अंदाज अजूनही चुकतो.